अनाथ बालके आणि आपला दानधर्म

महाराष्ट्रातील व्यापारी वर्ग कृपण आहे असा आरोप त्याच्या शत्रूसही करता येणार नाही. धर्मशाळा, पाणपोया, अन्नछत्रे, विद्यार्थ्यांची वसतिगृहे व रुग्णालयांतील खाटा ह्यांवरील नावांच्या पाट्या वाचीत गेले तर पेठेतील बहुतेक जुन्या घराण्यांचा इतिहास तेथे सापडेल. अनाथाश्रमही ह्या औदार्यातून वगळले गेलेले नाहीत. घरात बारसे असो, वडिलांचे वर्षश्राद्ध असो की दुकानाचा वर्धापनदिन असो, आश्रमातील मुलांस गोडाचे जेवण घालावे, वह्या वाटाव्या, एक छायाचित्र काढून घ्यावे आणि समाधानाने घरी परतावे, हा परिपाठ आता चांगलाच रुळला आहे. देणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो ह्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु दानाची पारख देणाऱ्याच्या हेतूवरून करावयाची नसते, घेणाऱ्याच्या हितावरून करावयाची असते. आणि ह्या कसोटीस लावून पाहता आपल्या औदार्याचा पुष्कळसा भाग भलत्याच ठिकाणी खर्च होत आहे, असे आम्हांस स्पष्ट सांगणे भाग आहे. मुलास जे सर्वांत अधिक हवे असते त्याकरिता आपण जवळजवळ काहीच देत नाही, आणि ज्याची त्यास त्या मानाने थोडी गरज असते ते मात्र वारंवार देतो.

मुलास सर्वांत अधिक काय हवे असते? अन्न, वस्त्र व छप्पर ही तर हवीतच. त्यांवाचून मूल जगणार नाही. पण एवढ्यानेच ते वाढते असे मात्र नाही. रात्री घाबरून उठल्यावर ज्याच्याकडे धावत जाता येईल, शाळेतील भांडण ज्याच्यापाशी सांगता येईल, ज्याच्यावर रुसता येईल आणि रुसल्यावर जे समजूत घालावयास येईल, असे एक माणूस त्यास हवे असते. आणि ते माणूस आजही तेच, उद्याही तेच व पाच वर्षांनीही तेच असावे लागते. शंभर मुलांमागे पाळीपाळीने येणारे चार नोकर कितीही प्रामाणिक असले तरी हे काम त्यांच्याने होणे शक्य नाही.

ही नुसती भावनेची गोष्ट आहे असे कोणास वाटेल, तर त्याने शास्त्राचा दाखला पाहावा. डॉ. रेने स्पिट्झ ह्या मानसरोगतज्ज्ञाने १९४५ साली दोन प्रकारच्या तान्ह्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. पहिली मुले एका अनाथ अर्भकालयातील होती. तेथे स्वच्छता उत्तम, दूध पुरेसे आणि वैद्यकीय देखरेख चोख. पण एकेका दाईच्या वाट्यास आठ-आठ मुले. दुसरी मुले कारागृहात शिक्षा भोगणाऱ्या स्त्रियांची होती. मात्र त्यांस त्यांच्या माता स्वतःच सांभाळीत. पहिल्या ठिकाणची एक-तृतीयांशाहून अधिक मुले दोन वर्षांत दगावली व उरलेल्यांची वाढ खुंटली; तुरुंगातील मुले मात्र धडधाकट वाढली. कैदी असली तरी आई ती आई, आणि स्वच्छ असले तरी कोठार ते कोठार, एवढाच ह्याचा अर्थ.

ह्याहून मोठा व अधिक दुःखद पुरावा पुढे रुमानियात मिळाला. त्या देशाचा हुकूमशहा चाउशेस्कू ह्याने लोकसंख्या वाढविण्याच्या हव्यासाने १९६६ साली गर्भपातास बंदी केली. पोसता न येणारी मुले लोक सरकारी बालगृहांत नेऊन टाकू लागले, आणि १९८९ साली त्याची सत्ता उलथली तेव्हा अशा बालगृहांत एक लाखाहून अधिक मुले कोंबलेली आढळली. २००० साली अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्ट येथील बालगृहांतील अडीच वर्षांच्या आतबाहेरची १३६ मुले निवडली. त्यांतील निम्मी चिठ्ठी टाकून पालक-कुटुंबांत पाठविली, व उरलेल्यांची व्यवस्था पूर्वीप्रमाणेच चालू राहिली. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी संस्थेतील मुलांहून स्पष्टपणे अधिक वाढली, आणि जी मुले दोन वर्षांची होण्यापूर्वी गेली त्यांस सर्वांत अधिक लाभ झाला. म्हणजे येथे गेलेला प्रत्येक महिना मोलाचा असतो, आणि तो गेला म्हणजे पुढे पैसे ओतून परत मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ साली मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही तीन वर्षांखालील मुलांस संस्थेत न ठेवता कुटुंबात ठेवावे असे सांगितले आहे, ते ह्याच अनुभवावरून.

हे तत्त्व आपणांस परके आहे असे मात्र कोणी समजू नये. १८६३ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी तेथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे व मुलाचा जीव घेऊ नये, हा त्याचा हेतू. पंढरपुरास यात्रेच्या निमित्ताने येऊन तान्ही मुले टाकून जाण्याचे प्रकार वारंवार घडत. तेथेही १८७५ साली प्रार्थनासमाजाच्या लोकांनी अर्भकालय उघडले. परंतु फुले पती-पत्नी गृह काढून थांबली नाहीत. तेथे जन्मास आलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलास त्यांनी दत्तक घेऊन आपल्या घरी वाढविले. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याच बरोबर रोग्यांची शुश्रूषा करीत असता त्या रोगास बळी पडल्या. आज आपण ह्या दांपत्याच्या तसबिरींस हार घालतो. पण इमारतीपलीकडे जाऊन मुलास घर देण्याचा त्यांचा धडा आपण सोयीस्कर विसरलो आहो.

आता प्रश्न असा की, निराश्रित मुले तर हजारोंनी आहेत. प्रत्येकास दत्तक आईबाप कोठून आणावे? सर्व मुले दत्तक जाऊ शकत नाहीत हे खरे. कायद्याने दत्तकास मोकळी ठरलेली मुले थोडी. त्यांसाठी नोंद करून वाट पाहणारी जोडपी मात्र तीस हजारांच्या वर. २०२४-२५ साली साऱ्या देशात झालेली दत्तकविधाने साडेचार हजारांच्या आसपास होती. आणि ही वाट पाहणारी जोडपी बहुधा तान्हे मूल मागतात. आठ वर्षांचा मुलगा, एकमेकांस न सोडणारी तीन भावंडे, अपंग बालिका ह्यांस मागणी नसते. अशांकरिता मधला मार्ग म्हणजे कुटुंबपद्धतीचे बालगृह. एक स्वतंत्र घर, त्यात एक माता, तिच्या हाताखाली वेगवेगळ्या वयांची आठ-दहा मुले व मुली, सख्खी भावंडे शक्यतो एकत्र, स्वयंपाक त्याच घरातील चुलीवर, आणि शाळा गावातील इतर मुलांचीच. अशी दहा-बारा घरे जवळजवळ बांधली की त्याचे बालग्राम होते.

ह्या पद्धतीचा मोठा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातून झाला. तेथील इम्स्ट ह्या गावी १९४९ साली हेर्मान ग्माइनर ह्याने पहिल्या बालग्रामाचा पाया घातला. त्यास मोठे देणगीदार नव्हते. दरमहा एक शिलिंग द्या, एवढेच मागणे त्याने हजारो सामान्य लोकांपुढे ठेविले. पुढे कोरियात बालग्राम काढावयाचे झाले तेव्हा तर त्याने तांदळाचा एकेक दाणा एकेका डॉलरास विकला. लहान रक्कम, पण नियमाने व पुष्कळांकडून, हे त्यातील मर्म आमच्या व्यापारी वाचकांस निराळे समजावून सांगावयास नको. एस.ओ.एस. ह्या नावाने ओळखली जाणारी ही संस्था भारतात १९६४ साली स्थापन झाली. देशात आज तिची तीसवर बालग्रामे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात लातूर येथेही एक उभे राहिले.

आपल्याकडे हेच कार्य परदेशी नमुन्यावाचून करून दाखविणाऱ्या स्त्रीचे नाव घरोघर ठाऊक आहे. वर्धा जिल्ह्यातून नवऱ्याने हाकलून दिलेल्या सिंधुताई सपकाळ ह्यांनी हजारावर मुलांस माय म्हणवून घेतले, आणि ४ जानेवारी २०२२ रोजी त्या वारल्या तेव्हा त्यांच्या मागे सुना-जावई-नातवंडांचे गोत उभे होते. ह्या बाईंनी आपल्या पोटची मुलगी पुण्यातील दगडूशेठ हलवाई ट्रस्टच्या हवाली केली होती, ती अशाकरिता की आपली व परकी असा भेद हातून नकळतही घडू नये. त्यागाची ही परिसीमा पाहून मान लवते. परंतु साऱ्या समाजाचे काम एकेका असामान्य व्यक्तीच्या त्यागावर सोपवून आपण टाळ्या वाजवीत बसावे, हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. असामान्य माणसे नेमाने जन्मास येत नाहीत. अनाथ मुले मात्र नेमाने येतात. म्हणून हे काम सामान्य स्त्रीस सन्मानाने करता येईल अशी व्यवस्था पाहिजे. बालगृहातील मातेस पुरेसे वेतन, आठवड्याची सुटी, शिक्षण आणि म्हातारपणाची तरतूद मिळाली पाहिजे. आज ह्याच गोष्टीसाठी पैसा मिळत नाही. सभागृहास देणगी मिळते, प्रवेशद्वारास मिळते, संगमरवरी पाटीस मिळते. मातेच्या पगारावर नाव कोरता येत नाही, म्हणून तो कोणी देत नाही!

कोणी म्हणेल, पगारी आई ती कसली आई? ह्यास आमचे उत्तर असे की, शिक्षकास पगार मिळतो म्हणून त्याचे शिष्यावरील प्रेम खोटे ठरत नाही. उलट पगार न देता प्रेमाची अपेक्षा करणे म्हणजे गरजू स्त्रीच्या श्रमाची चोरी होय. आणि अर्धपोटी व थकलेली माता वरचेवर बदलत राहिली तर जे स्थैर्य मुलास द्यावयाचे तेच नाहीसे होते.

दुसरी एक शंका ह्याहून गंभीर आहे, व ती लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. घरगुती वातावरण म्हणजे बंद दार. आणि बंद दारामागे मुलांवर अत्याचार झाला तर? ही भीती काल्पनिक नाही. ज्या ग्माइनरचा उल्लेख वर आला, त्याच्याच हातून पूर्वी मुलांवर अत्याचार झाल्याचे विश्वसनीय आरोप आहेत व अशा आठ पीडितांस भरपाई दिली गेली आहे, असे ऑस्ट्रियातील त्या संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतः जाहीर केले. तो १९८६ सालीच मरण पावलेला. त्याचे पुतळे मात्र जगभर उभे. ह्यावरून कुटुंबपद्धती टाकाऊ ठरत नाही, कारण मोठ्या वसतिगृहांतही असे प्रकार घडले आहेत. ठरते ते इतकेच की, संस्थापकाच्या पुण्याईवर कोणत्याही मुलाची सुरक्षितता सोपवू नये. आपल्या देशातील २०१५ च्या बालन्याय कायद्याने प्रत्येक बालगृहास नोंदणी सक्तीची केली आहे, नोंदणीवाचून ते चालविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची किंवा निदान एक लाख रुपये दंडाची शिक्षा सांगितली आहे, आणि तपासणी समित्यांची योजना केली आहे. देणगीदाराने नोंदणीपत्र पाहिल्यावाचून एक रुपयाही देऊ नये. आणि तक्रार करावयाची झाल्यास ती संचालकांवाचून दुसऱ्या कोणापाशी करता येते काय, हे मुलांस माहीत आहे की नाही, ते अवश्य विचारावे.

परंतु ह्या साऱ्याच्या आधीचा एक प्रश्न आहे, आणि तो विचारावयास आपण विसरतो. आश्रमात बसलेले हे मूल खरोखर अनाथ आहे काय? केंद्र सरकारने काही वर्षांपूर्वी देशातील सुमारे ९,६०० बालसंस्थांची पाहणी करविली. त्यांत पावणेचार लाखांच्या जवळपास मुले आढळली. त्यांपैकी एक लाखाहून अधिक एकल पालकांची होती, आणि दोन्ही पालक गमावलेल्यांची संख्या त्याहून पुष्कळच कमी भरली. मग ही मुले तेथे आली कशी? ज्यांनी मराठवाडा व विदर्भ पाहिला आहे त्यांस उत्तर ठाऊक आहे. नवऱ्याने कर्जापायी जीव दिला, जमीन दिरांच्या नावे राहिली, आई कोयता घेऊन ऊसतोडीस जाते. सहा महिने फडावर मुलास न्यावे तर शाळा बुडते, गावी ठेवावे तर सांभाळावयास कोणी नाही. अशा वेळी ती माउली मुलास आश्रमाच्या दारी नेते, ते प्रेम आटले म्हणून नव्हे. तेथे निदान दोन वेळचे जेवण मिळेल म्हणून. येथे हरपलेली वस्तू आई नाही, आईच्या हातातील चार पैसे आहेत. ते चार पैसे आईस न देता, त्याहून अधिक पैसे खर्चून तिचे मूल तिच्यापासून दूर ठेवणे, ह्यास दया म्हणावे की अविचार?

ह्यावर उपाय नाही असे नाही. महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे. मुलास संस्थेत न घालता आई, आजी, मामा किंवा अन्य कुटुंबाकडे ठेवल्यास त्याच्या संगोपनासाठी दरमहा रक्कम मिळते. ती २०२३ साली १,१०० रुपयांवरून २,२५० करण्यात आली. केंद्राच्या २०२२ च्या मिशन वात्सल्य योजनेत दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. पण खेड्यातील विधवेस ह्याची वार्ताच नसते. असली तर दाखल्यांसाठी तालुक्याच्या व जिल्ह्याच्या खेपा घालता घालता मजुरी बुडते. उलट संस्थेस अनुदान मिळते ते मुलांच्या डोक्यामागे, आणि देणगीदारही भेटीस गेला की पहिला प्रश्न विचारतो तो, आपल्याकडे मुले किती? ज्या संस्थेने वर्षभरात तीस मुले आपापल्या आजीकडे, मामाकडे सुखरूप परत पोचविली, तिचा आकडा घटतो, अनुदान घटते व कीर्तीही घटते. चांगले काम केल्याची शिक्षा व्हावी असा हा हिशेब ज्याने मांडला तो दुकान चालवू शकला नसता.

जी मुले खरोखरच टाकली जातात त्यांच्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण येथे आमच्या सुशिक्षित नागरिकांचे अज्ञान फार आहे. तान्हे मूल सापडले तर चोवीस तासांच्या आत पोलीस, बालकल्याण समिती किंवा १०९८ ह्या क्रमांकावर कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. कोणा ओळखीच्या निपुत्रिक जोडप्यास ते परस्पर देऊन टाकणे हे पुण्य नव्हे, तो गुन्हा आहे. तसेच ज्या आईस मूल सांभाळणे अशक्यच आहे तिने ते उकिरड्यावर किंवा देवळाच्या पायरीवर ठेवण्याचे कारण नाही. बालकल्याण समितीपुढे ते रीतसर स्वाधीन करता येते, तिचे नाव गुप्त राहते, आणि फेरविचारास तीस दोन महिन्यांची मुदत मिळते. फुल्यांनी १८६३ साली जे अभय दिले तेच आज कायदा देत आहे. पण फुल्यांनी त्या वेळी त्याची पत्रके भिंतींवर लावली होती. ती आज कोठे लागलेली दिसतात?

आता सर्वांत कठीण वय राहिले. अठरावे वर्ष पुरे झाले की बालगृहाचे दार बंद होते. आपल्या घरातील अठरा वर्षांचा मुलगा परगावी शिकावयास निघाला तर त्याच्या मागे सारे घर फोन घेऊन बसते. आणि ज्यास कोणी नाही त्यास मात्र आपण पिशवी हातात देऊन स्वावलंबनाचा उपदेश करतो! एकवीस वर्षेपर्यंत अनुरक्षणाची तरतूद कायद्यात आहे, परंतु अशी गृहे थोडी, आणि मुलींसाठी तर फारच थोडी. राज्य सरकारने २०१८ साली अनाथांसाठी एक टक्का आरक्षणाचा निर्णय केला तो स्तुत्य आहे. मात्र नोकरी लागेपर्यंत राहावयाचे कोठे, आणि दिवाळीस जावयाचे कोणाकडे, हे आरक्षणाने सुटत नाही. कुटुंबपद्धतीच्या घराचा खरा उपयोग येथे कळतो. वसतिगृह सुटते, घर सुटत नाही. तेथे माहेरपणास येता येते.

आणि ह्या मुलांस आपल्या घरात येऊ देण्यास आपली तयारी किती? दुकानात नोकरीस ठेवताना जामीन कोण म्हणून विचारणारे, भाड्याने खोली देताना गाव कोणते म्हणून अडविणारे, आणि सोयरिकीच्या वेळी कूळ व जात विचारून उठून जाणारे, हे सर्व आपल्यातलेच आहेत. वाढदिवसास ज्यास पेढा भरविला तोच मुलगा वीस वर्षांचा होऊन दारात उभा राहिला म्हणजे आपण त्याचे कूळ शोधू लागतो. कुळाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, जन्म कोणत्या घरात घ्यावा हे त्यांसही कोणी विचारलेले नव्हते.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शहरातील व्यापारी संघाने आपल्या जिल्ह्यापुरते एक खाते उघडावे. त्यातून पहिला पैसा जावा तो मूल आपल्याच माणसांत राहावे म्हणून: योजनांचे अर्ज भरून देणारा, खेपा घालणारा एक पगारी कारकून तालुक्यागणिक नेमावा. दुसरा जावा तो बालगृहातील मातांच्या वेतनास, निदान दहा वर्षांच्या हमीने. तिसरा जावा तो अठरा वर्षांवरील मुलांस खोली, शिकाऊ काम आणि जामीन देण्यास. हा जामीन तर व्यापाऱ्यावाचून दुसरा कोणी देऊ शकणार नाही. ज्यास एकट्याने काही करावयाचे असेल त्याने एका मुलाचा दरमहाचा खर्च उचलावा, दरसाल त्याची प्रगती विचारावी आणि छायाचित्राचा आग्रह सोडावा. गोडाच्या जेवणास आमचा विरोध नाही. पण वर्षातून चाळीस वेळा जिलबी खाणाऱ्या मुलास ताप आला असता रात्री उशाशी कोण बसते, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढच्या जिलबीची मागणी हलवायाकडे नोंदवू नये, एवढीच आमची विनंती आहे.